माणसाचं महिनाभर

"कॅमेऱ्याला ना सासू, ना सून. त्यालाच विचारा," सासू सनोबर-खोला म्हणाल्या आणि चहाची वाटी मुकर्रम-ओपांपुढे सरकवली.

मुकर्रम-ओपा मोहल्ल्याच्या समितीतल्या. उझबेकिस्तानातल्या कोकंदच्या त्या गल्लीत संसार मोडायचा तर आधी त्यांच्यासमोर बसावं लागे, कोर्ट नंतर. शेजारी तुर्सुन-ओता, गल्लीतले सगळ्यांत वडीलधारे, दाढी कुरवाळत बसले होते. त्यांनी मान डोलावली तर सून राहणार, नाही तर गाद्या-रजयांसकट माहेरी. सुनेचा, म्हणजे हुल्करचा, भाऊ गाडी घेऊन फाटकाबाहेर आलाच होता. समजूत काढायला आलोय म्हणत होता. पण गाडीची मागची सीट काढून आला होता.

तक्रार एकच: सून पहाटे उठत नाही. उजाडायच्या आत अंगण आणि दारापुढचा रस्ता झाडलेला नसला की गल्ली समजते, या घरची सून लोळतेय.

"पण अंगण तर लख्ख असतं तुमचं," ओता म्हणाले. "झाडतं कोण?"

"कोण झाडणार? मीच! या गुडघ्यांनी."

हुल्कर दाराशी उभी होती, रुमाल भुवयांपर्यंत ओढलेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नव्या सुनेनं वडीलधाऱ्यांसमोर आवाज काढायचा नसतो; काही सांगायचंच झालं तर जवळच्या बाईच्या कानात सांगायचं. जवळची बाई सासूच होती.

राहिला नवरा. इल्होम तिकडे रशियात, कझानमध्ये बांधकामावर होता आणि आत्ता फोनच्या पडद्यावर साखरेच्या डब्याला टेकून बसला होता. लग्नाला आला तेव्हा घराच्या दारावर कॅमेरा त्यानंच लावला होता, चोरांसाठी. चोर अजून फिरकला नव्हता.

"बोल रे," खोला म्हणाल्या. "मला सांगितलंस ते यांनाही सांग."

"महिन्याभराचं पाहिलं, ओता," इल्होम म्हणाला. "माणूस एवढंच निवडलं. हुल्कर दुपारी दिसते, संध्याकाळी दिसते. पहाटे एकदाही नाही."

"ऐकलंत?" खोला म्हणाल्या.

"आणि तुझी आई?" मुकर्रम-ओपांनी विचारलं.

"ओयी दिसते की. रोज सकाळी. हातात झाडू, फाटकाशी उभी, शेजारणीशी बोलतेय."

"झाडू हलतोय का?"

इल्होमनं जरा वेळ पाहिलं. "हात हलतोय. झाडू नसलेला."

ओतांना खोकला आला. बराच वेळ टिकला.

मुकर्रम-ओपांनी वाटी खाली ठेवली. "तू माणसं निवडलीस म्हणतोस. बाकीचं काय करतोस?"

"बाकीचं म्हणजे जनावरं, ओपा. माणसाचं महिनाभर ठेवतो. जनावराचं एका दिवसात पुसलं जातं. नाही तर कोंबड्या आणि ते शेजारचं मांजर, यांनीच सगळी जागा भरते."

"आज पहाटेचं आहे अजून?"

"असेल. मांजरच असणार."

"मांजर तर मांजर. दाखव."

पडद्यावर अंगण आलं. अंधार, फाटकावरच्या दिव्याचा पिवळा उजेड, कडेला बर्फाचा ढीग. खालच्या कडेकडून, म्हणजे घराच्या उंबऱ्यापासून, एक पांढरट लोकरीची पाठ आत आली. तिच्याभोवती चौकट उमटली. चौकटीवर लिहिलं होतं: मेंढी.

मेंढी भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. चौकटही तिच्यामागोमाग गेली, वळली, परत आली. एकदाही तिला सोडलं नाही. मेंढी जिथून गेली तिथली जमीन स्वच्छ होत होती.

"तुमच्याकडे मेंढी कुठली?" ओतांनी विचारलं. "ती तर ईदला कापलीत."

इल्होम हसला. मग त्यानं फोन चेहऱ्याजवळ नेला. "तो माझा कोट आहे. जुना, लोकरीचा," तो म्हणाला, आणि पुढे हसला नाही.

आखूड झाडू, कमरेत वाकलेली बाई, डोकं पार खाली. फाटकाशी पोचल्यावरही ती सरळ झाली नाही. वाकल्या वाकल्याच कडी काढली आणि रस्ता झाडायला बाहेर गेली. चौकट फाटकापर्यंत गेली आणि विझली.

"घ्या! बाईला मेंढी म्हणतंय," खोला म्हणाल्या. "यंत्राला काय कळतं?"

"मघाशी बरंच कळत होतं," मुकर्रम-ओपा म्हणाल्या. "खोला, लांब दांड्याचा झाडू आणा तिला. कंबर वाचेल आणि कॅमेऱ्यालाही ओळख पटेल."

"उभ्यानं झाडायचं? सून आहे की नगरपालिकेची नोकर? लोक काय म्हणतील?"

हे मात्र ओतांना पटलं. त्यांच्या तिन्ही सुना वाकूनच झाडतात. झाडू आहे तोच राहील, ते म्हणाले; सूनही राहील. त्यांनी मान डोलावली, दुवा मागायला हात उचलले, तोंडावरून फिरवले आणि टोपी नीट केली. बाहेर निरोप गेला. भावानं गाडी रिकामीच वळवली.

मुकर्रम-ओपा उठल्या आणि दाराशी हुल्करजवळ थांबल्या. "तुला काही म्हणायचंय का, पोरी?"

हुल्करनं सासूकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. मग ओपांच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणते?" साखरेच्या डब्याकडून इल्होमनं विचारलं.

मुकर्रम-ओपांनी चपला घातल्या.

"विचारतेय," त्या म्हणाल्या, "मेंढीचंही महिनाभर ठेवता येईल का?"