परवानगी

मधुकररावांना जाऊन महिना झाला होता. शोभाताईंच्याही छातीत धडधडायला लागलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ठोके बिघडले की दवाखान्याला आपोआप कळवणारं मधुकररावांचं यंत्र घरात आहेच, तेच आता यांना लावा. म्हणून त्यांचा मुलगा सौरव मनीषनगरच्या घरी ते कॉम्प्युटरला जोडायला बसला, तर यंत्राच्या सॉफ्टवेअरला कॉम्प्युटरच्या फायरवॉलनं इंटरनेटवर जाण्यापासून अडवून ठेवलेलं.

"आई, हे बंद कोणी केलं?"

"तुझ्या बाबांनी. शेवटी शेवटी तो कॉम्प्युटर सारखा विचारत होता, याले बाहेर बोलू देऊ का म्हणून. तूच तं सांगतलं होतं ना, आजकाल लय फसवाफसवी होऊन राहिली, काहीही विचारलं तं 'नाही' दाबायचं. त्यांनी दरवेळी आठवणीनं 'नाही' दाबलं."

सौरवनं फायरवॉलची सेटिंग उघडली आणि यंत्राला परवानगी दिली. यंत्रात अडकून पडलेल्या जुन्या नोंदी एकेक करून दवाखान्याकडे जाऊ लागल्या. थोड्याच वेळात, शोभाताईंनी अजून चालूच ठेवलेला मधुकररावांचा मोबाइल वाजला. सौरवनं स्पीकर लावला.

"दवाखान्यातून बोलतेय. मधुकररावांचे ठोके फार बिघडलेले दिसताहेत. अजून वेळ गेलेली नाही, त्यांना ताबडतोब घेऊन या!"



फोन बंद व्हायच्या आत शोभाताई चपला घालून दारात उभ्या होत्या. "बसून काहून राहिला गा, गाडी काढ ना लवकर!"