सप्टेंबरचं पान

चंद्रप्रकाशांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, डोळे बारीक केले आणि तो जयंतीच्या पुढ्यात परत ठेवला. तिचा हा सहावा कागद होता.

"कलर झकास. अक्षर पण दशरथभाऊंचंच, शंभर टक्के. पण अक्षरांमागचा तो खरखरीतपणा कुठाय?"

चंद्रप्रकाशांच्या साकीनाक्याच्या प्रेसमध्ये दर वर्षी सुविचारांचं एक कॅलेंडर छापलं जाई. बारा महिन्यांची बारा वाक्यं, सगळी हातानं रंगवलेली, कोपऱ्यात सही 'दशरथ'. सत्त्याऐंशी सालची आठ पानं करून जयंतीचे वडील दशरथभाऊ गेले, त्याला महिना झाला होता.

"बारा पानं एका हाताची पायजेत," चंद्रप्रकाश म्हणाले. "सोमवारी सकाळी छपाईच्या प्लेटसाठी कॅमेऱ्याला जाणार. नाय जमलं तर बाराच्या बारा दुसऱ्याकडून करून घेतो."

"आणि भाऊंची आठ?"

"ती घरी ने. आठवण म्हणून."

जयंतीनं आपले कागद गुंडाळले आणि ती घाटकोपरला परत आली.

रविवारी दुपारी ती पुन्हा टेबलाशी बसली. भटवाडीतल्या त्या एका खोलीत टेबल भिंतीला लावलेलं होतं. बसलं की समोर भिंत, एका बाजूला कपाट. डोक्यावर दोरी, दोरीवर वाळत घातलेले कागद. जरा उठलं की ओला रंग केसांना लागे. सगळ्या कागदांवर एकच वाक्य होतं, सप्टेंबरचं: 'थोडं सरकलं, की दुसऱ्याला जागा होते.' आठवड्याभरात तिनं ते इतक्यांदा लिहिलं होतं की त्याचा अर्थच उरला नव्हता. शुक्रवारी टेलिफोन ऑफिसात मस्टरवर सही केली, तर स्वतःचं नाव भाऊंच्या वळणात उतरलं. पलीकडच्या टेबलावरची उत्तरा म्हणाली, "अगं, ही सही कुणाची केलीस?" 

रंग तिला पहिल्याच दिवशी सापडला होता. पिवळ्यात गेरू, वर चिमूटभर काळा. अडलं होतं ते पोतावर. ओल्या रंगावर तिनं रवा भुरभुरवून झटकला. स्पंज टेकवून पाहिला. टूथब्रशनं शिंतोडे उडवले, चुरगळलेलं वर्तमानपत्र दाबलं, गोणपाट दाबलं, चहाचा चोथासुद्धा फासला. दर वेळी काहीतरी होई. ते भाऊंचं नसे.

भाऊंच्या ट्रंकेतले जुने कागद तिनं पुन्हा काढले. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं, तो रंगवल्याचा महिना आणि साल. मे ७५पर्यंत अक्षरांमागचा रंग सपाट, गुळगुळीत. जून ७५पासून एकदम दाणेदार, जुन्या भिंतीसारखा. लोक त्यावरूनच 'दशरथ' ओळखू लागले होते. त्या एका महिन्यात भाऊंना काय सापडलं होतं, याची कुठेही नोंद नव्हती. आणि तिनं त्यांना कधी विचारलं नव्हतं. तिला आठवत होता तो फक्त आवाज. ती अभ्यास करत असायची आणि पाठीमागून कोरड्या ब्रशचा खर्र खर्र आवाज यायचा. एक-दोनदा तिनं वैतागून कानांत बोटं घातली होती.

सातवा कागद. या वेळी कंगव्यानं रेघा ओढल्या. वाळायच्या आतच तिला कळलं, की हाही नाही. तिनं ब्रश ठेवला आणि दोन्ही तळवे टेबलावर पालथे टाकले. सनमायका गार आणि गुळगुळीत होता.

आईनं खोली झाडून घेतली होती. केरसुणी हातात धरून ती दोरीवरच्या कागदांकडे बघत उभी राहिली.

"टेबलार बसान तां येवचा नाय," ती म्हणाली.

"का?"

"ते खंय टेबलार बसत? टेबल त्यांचाच. तू दहावीक गेलंस, तेव्हा तुका दिल्यानी नि आपण खाली बसले."

"भाऊ तर म्हणायचे, मांडी घातल्याशिवाय अक्षर सरळ येत नाही."

"म्हणतले नाय तर काय?" आई म्हणाली आणि केर भरायला वाकली.

जून पंच्याहत्तर. दहावीचं पहिलं पुस्तक तिनं याच टेबलावर उघडलं होतं.

जयंतीनं खुर्ची मागे सरकवली. मान खाली घालून ओल्या कागदांखालून वाट काढली आणि दारापाशी, भाऊंच्या जागी, मांडी घालून बसली. खालची शहाबादी फरशी जुनी होती. पायांना ती कधीच खुपत नसे, पण हात फिरवला की बारीक खाचा लागत होत्या. तिनं कोरा कागद फरशीवर पसरला. ब्रश रंगात बुडवला, चिंधीला पुसून जवळजवळ कोरडा केला आणि ओढला.

खर्र.

कागदात दाणे उठले. खालून वर येत गेले, एकेक खाच, एकेक उंचवटा, ब्रश जाईल तिथे. आठवडाभर ती जे वरून लावू पाहत होती, ते खाली होतं.

सप्टेंबरचं पान पुरं भरलं. अजून तीन होती, आणि उजेड होता. पुन्हा रंग घ्यायला तिनं मान वर केली. तिथून समोर दिसत होती ती फक्त, ती अभ्यासाला बसायची त्या खुर्चीची पाठ.