कंडेन्सरला बांधलेला लाल दोरा

रेडिओचा मागचा पुठ्ठा निघाला आणि व्यंकटचा हात जागच्या जागी थांबला.

आतले दोन मोठे कंडेन्सर फुगून त्यांच्या बुडातून चिकट पाणी आलं होतं. त्यात नवल नव्हतं. सेट घरघरतोय म्हटल्यावर तेच निघणार. पण दोन्हींच्या कमरेला लाल दोऱ्याचा एकेक वेढा होता. तुळजापुरात काय, अख्ख्या जिल्ह्यात अशी खूण करणारा मेकॅनिक एकच होता. व्यंकटचा थोरला भाऊ ज्ञानोबा, त्याचा आण्णा.

आणि ज्ञानोबाला अग्नी देऊन वर्ष होत आलं होतं.

दुष्काळाचं पहिलं वर्ष ते. दुकानात गिऱ्हाईक नाही, घरात दाणा नाही, त्यात दोघा भावांची जुंपली. "परत तोंड दाखवू नको," व्यंकट रागाच्या भरात बोलून गेला. आण्णानं स्वतःच्या हातानं जुळवलेला रेडिओ उचलला आणि तो अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. पुढं महिन्याभरानं नळदुर्गच्या वाटेवर कोरड्या विहिरीत एक प्रेत सापडलं. डोकं फोडलेलं, चेहरा ओळखण्यापलीकडं गेलेला. उंची तीच, अंगकाठी तीच. व्यंकटनं मान हलवली आणि सगळं उरकलं. आई तेवढी "ह्यो माजा न्हाय" म्हणत राहिली. अजून ती आण्णाचं ताट वाढून ठेवायची. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून शेजारपाजार हळहळायचा.

प्रेताजवळ रेडिओ नव्हता. जमादार तेव्हा म्हणाला होता, रेडिओ ज्याच्याकडं निघंल त्यानंच मारलं समजा.

तो रेडिओ घेऊन आज एक माणूस स्वतःच्या पायानं दुकानात चालत आला होता. शरणबसप्पा म्हणे, जळकोटचा. स्वच्छ धोतर, कपाळाला विभूती. गिऱ्हाईक उघडलेल्या सेटकडं बघतं. हा गडी व्यंकटच्या तोंडाकडं बघत होता.

"काय दिसतंय का आत?" त्यानं विचारलं.

"कंडेन्सर गेलेत."

"आनि काय?"

"आनिक काय न्हाय."

व्यंकटनं कथील वितळवायला घेतलं. चौकीत जाऊन काय होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वर्षभरात तिथं त्याला कुणी बससुद्धा म्हटलं नव्हतं. त्यानं फुगलेले कंडेन्सर काढले, नवे बसवले. मनात आग पेटली होती, तरी आण्णाच्या सेटवर कच्चं काम त्याच्या हातून होईना. कथलाचा एकेक टाका त्यानं नीट भरला.

"घरी कोन कोन आसतं तुमच्या?" शरणबसप्पानं विचारलं.

"आई हाय."

"कुटं आसती?"

याला काय करायचंय माझ्या आईशी, व्यंकटच्या मनात आलं. "खडी फोडाया जाती. नळदुर्गच्या रस्त्याला."

शरणबसप्पानं मान डोलावली. मग पुढं वाकून म्हणाला, "त्यो लाल दोरा नव्याला बी बांदा की. बरा दिसतुया."

व्यंकटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मारलंस ते मारलंस, वर त्याच्या खुणेचाही शौक करतोस होय रं? जुना दोरा सोडवून त्यानं नव्या कंडेन्सरला बांधला.

बटण फिरवताच रेडिओ स्वच्छ वाजू लागला. शरणबसप्पाचा चेहरा खुलला.

"घरात लावतं कोन?" व्यंकटनं सहज विचारल्यासारखं विचारलं. "बारकी लेकरं हाईत का?"

"लेकरं न्हाईत. एकच मानूस लावतो."

"मग जरा थांबा. बारीक खरखर हाय, काढून देतो."

त्यानं सेट बंद केला, पुन्हा उघडला. बाहेरच्या पितळी बटणाला करंट येऊ नये म्हणून आत एक छोटा कंडेन्सर असतो. तो व्यंकटनं काढला आणि त्या जागी साधी तार जोडली. पुठ्ठा लावला, स्क्रू आवळले, सेट चादरीत नीट गुंडाळून दिला.

"मजुरी ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

शरणबसप्पाचे डोळे भरून आले. सेट छातीशी धरून तो उंबऱ्यात घुटमळला. "काय इचारायचं ऱ्हायलं का तुमचं?"

"न्हाय."

"बगा."

"न्हाय म्हनलं न्हवं."

इतक्यात लाईट गेली. "आता दिवं लागायच्या टायमालाच येती," शरणबसप्पा म्हणाला. "लाईन येकच हाय. तुमची आली की आमची."

तो स्टँडाकडं गेला. व्यंकट दिवसभर दुकानात बसून राहिला. सूड घेतल्यावर जीव थंड होईल असं त्याला वाटलं होतं. पण समोरचं एकही काम हातात घेववेना. आईला सांगावं की न सांगावं, तेही ठरेना.

अंधारून आलं तेव्हा त्याची आई मथुराबाई पळतच दुकानात शिरली. पदर खडीच्या धुळीनं पांढरा झालेला, तोंडावर हसू आणि डोळ्यांत पाणी.

"येंकट, तुजा आण्णा हाय रं. जित्ता हाय."

व्यंकट उठला.

"शरणबसप्पा म्हनून मानूस एस्टीतनं उतरून खडीवर आलता. मुकादमानं काम सुटंस्तवर सोडलं न्हाय मला. त्येच्याच घरी हाय माजं लेकरू. हिरीच्या कामावर कंबर मोडली, उटवत न्हाय त्याला. लाजंनं निरोप धाडला न्हाय. आण्णा त्येला म्हनला व्हता म्हनं, दोरा बगून येंकटनं माजं नाव काडलं तर समदं सांगा. न्हाय काडलं तर राग गेला न्हाय त्येचा, गुमान परत या. पर त्या बाबाला ऱ्हावलं न्हाय, मला गाटलं त्यानं."

"रेडिओ कुटंय, आई?"

"त्यो न्हेला की. आण्णा सकाळधरनं वाट बगत आसंल. उशालाच ठिवतो म्हनं, त्येच्याबिगर कुनी हात लावायचा न्हाय."

छताला टांगलेला बल्ब लागला.