पहिलं वाक्य

विभावरीच्या अंगावर एक्स-रेपासून वाचवणारा शिशाचा एप्रन होता. तिने सात वर्षं खपून बनवलेला शेवईएवढा बारीक कॅथेटर आज पहिल्यांदाच जिवंत माणसाच्या मांडीतून मेंदूकडे सरकत होता. ऑपरेशनच्या टेबलावरच्या बाईंचं उजवं अंग सकाळी पोळ्या करताना लुळं पडलं होतं, वाचाही गेली होती.

पडद्यावर नळीचं टोक रक्ताच्या गुठळीला भिडलं. डॉक्टरांनी गुठळी हलकेच ओढून बाहेर काढली.

काही मिनिटांनी बाईंचा उजवा हात हलला, वर उठला.

"अगं बाई, गॅस बंद करा कुणीतरी! केव्हाची सांगतेय, ऐकतच नाही कुणी!"

विभावरीने रक्तवाहिन्यांसारख्या काचेच्या नळ्यांवर शेकडो चाचण्या केल्या होत्या, पण काच कधी बोलली नव्हती. ती एप्रनसकट धावतच बाहेर आली.

बाकावर बाईंचा मुलगा बसला होता.

"घरचा गॅस बंद केलात का?" तिने धापा टाकत विचारलं.

"केला. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या आईनं."