स्तंभावरचा विबिअस

"मावशी, या विजयस्तंभावर रोमचा सैनिक मरत नाही. मरायचं ते शत्रूनं, हाच दंडक," पाथरवटानं आधीच सांगितलं होतं. "मग जिवंत कोर की रे! माझा विबिअस लढाईला निघाला तेव्हा जिवंतच होता," म्हातारी म्हणाली होती. डेकियाच्या मोहिमेतून लेकाची राखसुद्धा घरी आली नव्हती. आज पाथरवटानं तिला हाताला धरून परांचीवर चढवलं. उद्या परांची उतरली, की एवढ्या उंचीवर कोरलेला लेकाचा चेहरा जमिनीवरून दिसणार नव्हता. "नाक तुझंच दिलंय. कान जरा मोठे झाले." "मोठेच होते कार्ट्याचे! ऐकायचा मात्र कुणाचं नाही," ती हसली. मग तिला लेकाच्या खांद्यावरचं गाठोडं दिसलं. "हे ओझं आता कायम वाहायचं त्यानं?" गृहदेवतांचं नाव घेत तिनं दगडी गाठोड्याखाली तळहात लावला आणि खालून हाका येईपर्यंत काढला नाही.