मापोचोच्या काठावर

सँतियागोतल्या हॉटेलात सकाळी सात वाजता सावळीरामने चार्जिंगला लावलेला फोन काढला, तर घरचे अकरा मिस्ड कॉल होते. त्याने उभ्याउभ्याच फोन लावला.

“पप्पा, आजी गेली,” निकिता म्हणाली. “दुपारी बाराच्या सुमाराला. पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि मान टाकली.”

सावळीराम धरून दिंडोरीकडचे आठ बागायतदार द्राक्षाच्या बागा बघायला चिलीत आले होते. बागा बघून झाल्या होत्या. आजचा दिवस राजधानी बघायला ठेवला होता. त्यांना घेऊन आलेल्या रविराजने अर्धा तास विमान कंपन्यांना फोन केले आणि मान हलवली.

“काका, आत्ता निघालो तरी परवा रात्रीच्या आत घर नाही.”

सावळीरामने पुन्हा घरी फोन लावला तेव्हा चुलतभाऊ सहादूने घेतला. मागे माणसं जमल्याचा आवाज येत होता.

“तू एकुलता एक. तू येईस्तवर ठिवू आपण. नाशिकहून बर्फाची पेटी मागवतो.”

“नको.”

“दोन दिवसाचा तर प्रश्न हाय.”

“आईला थंडी सोसत नाय, सहादू. उन्हाळ्यातबी गोधडी लागती तिला.”

सहादू म्हणाला, “मंग माझा दीपक देईल अग्नी. त्योबी नातूच हाय.”

सावळीराम खिडकीशी गेला. खाली चौकात कामाला निघालेली माणसं सिग्नल सुटायची वाट बघत उभी होती.

“निकिताकडं दे फोन.” ती आल्यावर त्याने विचारलं, “रोज आंघोळ कोण घालायचं आजीला?”

“मी.”

“शेवटचं पाणी कोणी पाजलं?”

“मीच.”

“मग अग्नीपण तूच दे. जमंल?”

“जमेल, पप्पा.”

सहादूने फोन परत घेतला. “पोरीच्या हातून? आपल्या भावकीत असं झालेलं नाय. लोक माझ्या तोंडावर बोलतील. तू तिकडं.”

“मी इकडं, म्हणूनच सांगतो. जी जवळ व्हती, तिनं द्यावा.”

सहादूने मागे जमलेल्यांना काहीतरी सांगितलं. मग म्हणाला, “बरं. मडक्याला भोक पाडायला मी ऱ्हातो तिच्या मागं.”

हॉटेलच्या जेवणघरात नाश्त्याची गर्दी होती. दीपक अंत्यविधी फोनवर दाखवणार होता, तो तिथे बसून बघणं सावळीरामला जमेना. हॉटेलमागून मापोचो नदी वाहते, असं रविराज म्हणाला, तसा तो चालायला लागला. बाकीचे मागोमाग निघाले. शहर बघायला कोणी गेलं नाही.

काठावर लांबच लांब बाग होती. सावळीराम एका बाकावर बसला. बाकीचे मागे उभे राहिले. साडेआठला, तिकडे उन्हं उतरताना, दीपकने व्हिडिओ कॉल लावला. ओढ्याकाठची जागा, रचलेली लाकडं, हिरव्या लुगड्यातली आई. निकिताच्या खांद्यावर पाण्याचं मडकं होतं. तिने पहिलं पाऊल टाकलं आणि चित्र तिथंच अडकलं.

आवाज मात्र येत राहिला. दगड मडक्यावर आपटला. थोड्या वेळाने पुन्हा. मग तिसऱ्यांदा. मग मडकं फुटल्याचा आवाज आला आणि कोणीतरी बायकांना मागे सरायला सांगितलं. त्यानंतर फक्त लाकडं तडतडत होती. नऊ माणसं त्या अडकलेल्या चित्राकडे बघत होती. मग फोन तुटला.

सावळीराम उठला आणि नदीकडे गेला. कठड्यावरून त्याने वाकून पाहिलं. गढूळ पाणी खूप खाली, दोन दगडी भिंतींच्या मधून पळत होतं. या काठाला पायरी नव्हती, त्या काठालाही नव्हती. एवढी नदी गावातून नेली आणि खाली उतरायला घाट बांधला नाही, याचं त्याला नवल वाटलं.

“काका, हॉटेलात जाऊन आंघोळ करा,” रविराज म्हणाला.

“मसणातून घरी येताना माणूस बाहेरच आंघोळ करतो,” सावळीराम म्हणाला. “हॉटेल काय, घरच हाय आता.”

बागेचा म्हातारा माळी पाइपाने हिरवळीला पाणी घालत होता. सावळीराम त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याला तहान लागली असेल असं वाटून माळ्याने पाइप पुढे केला. सावळीरामने मान हलवली आणि स्वतःच्या डोक्याकडे बोट केलं. माळी हसला. मग त्याने सावळीरामचा चेहरा पाहिला आणि हसायचा थांबला. काहीतरी विचारलं. रविराज इंग्रजीत सांगू लागला, पण माळ्याला ते कळेना.

“आई गेली,” सावळीराम मराठीतच म्हणाला.

रविराजने तो शब्द फोनवर स्पॅनिशमध्ये करून दाखवला. माळ्याने फोनकडे पाहिलं, सावळीरामकडे पाहिलं. “ममा?” त्याने हळू विचारलं.

सावळीरामने मान डोलावली. शर्ट काढून तो हिरवळीवर उकिडवा बसला. माळ्याने डोक्यावरची टोपी काढून बगलेत धरली. पाण्याची धार जोरात लागू नये म्हणून पाइपाच्या तोंडाशी आडवा हात धरला आणि त्याच्या डोक्यावर सावकाश पाणी सोडलं. सावळीरामचे खांदे हलायला लागले. माळ्याने घाई केली नाही.

तो निथळत उठला तेव्हा माळी नळ बंद करायला वळला. पण मागे रविराजने बूट काढले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. त्याच्यामागे बाकीची माणसं, बूट हातात घेऊन, एकामागे एक उभी होती.

माळ्याने नळ तसाच चालू ठेवला.