पसरलेली शाई

नातीला काडीची शिस्त नव्हती. शर्टावर छापायच्या चित्राची फिल्म आणायची, तीही घाण झालेली, आणि वर म्हणायचं, “आजी, अश्शीच छाप.”

आजीनं फिल्म खिडकीकडे धरली. काळी मुळं, काटे, खाली लोंबणारे ओघळ. शाई पसरलीय, दुसरं काय! तिच्या छापखान्यातून बत्तीस वर्षांत पसरलेल्या छापाचा एकही शर्ट बाहेर गेला नव्हता.

“पसरलेली नाही गं. ते आमच्या बँडचं नाव आहे.”

“नाव? मग वाच बघू. कुठून सुरू होतं?”

“वाचायचं नसतं ते.”

आजी चक्रावली. तिची शाळा दुसरीतच सुटली होती. आपल्यालाच कळत नसेल, असं वाटून तिनं फिल्म गुपचूप मुलाला दाखवली. तो पदवीधर. त्यानं चष्मा काढला, घातला आणि म्हणाला, “झाड असावं.” जुना कारागीर म्हणाला, खेकडा. तोही फिल्म उलटी धरून.

त्या बँडचं सगळंच असं अगम्य. नात गायची म्हणजे घशातून रेडा हंबरल्यासारखी ओरडायची. सुरुवातीला तळघरात पंधरा-वीस जण ऐकायला यायचे, तेही एकमेकांना धडका मारत. चार दिवसांचं खूळ, म्हणून आजीनं कानाडोळा केला. पण कुणीतरी भरलेली कॅसेट ह्याच्या-त्याच्या हातून परदेशात पोचली. गेल्या महिन्यात दोन हजार माणसं लोटली. आता तिकडचा एक नावाजलेला बँड ह्यांना आपल्याआधी स्टेजवर उभं करणार होता. परवा. तेवढ्यात तीनशे शर्ट हवे होते आणि दुसरीकडे छापायला वेळ उरला नव्हता. एवढ्या मोठ्या मैदानात पोरीचं पहिलं पाऊल, आणि शर्टावर हा चिखल? हे आपल्या हातून जाणं आजीला मंजूर नव्हतं.

नात तालमीला गेली. आजीनं टेबलावरचा दिवा जवळ ओढला, ब्लेड घेतलं आणि एकेक काटा खरवडायला बसली. मुळं गेली. ओघळ गेले. दुपार कलताना वरची रेघ सरळ निघाली, तिच्याखाली अक्षरं. लख्ख.

नात परतली ती दारातच किंचाळली. “आजी! काय करून ठेवलंस हे? आता कुणालाही वाचता येईल!”

“मग? नाव काय हुंगायला असतं?” आजीनं बोट ठेवून जुळवलं. “क... र्द... न... का... ळ. कर्दनकाळ. म्हणजे कोण, तुम्ही?”

कारागीर शाईच्या डब्यात डोकावत राहिला. मुलाला एकाएकी बाहेर काहीतरी काम आठवलं.

आजीला काही उमगेना. “अरे, झालं काय? शिवी वाचली का मी?”

“आजी,” नात हळूच म्हणाली, “इथे सगळे तुझ्यामागे तुला हेच म्हणतात. मशीनच्या वर चढलेला तुझा आवाज ऐकतच मी ओरडायला शिकले. म्हणून नाव तुझं घेतलं. असले बँड नाव गिचमिड करतातच. मी जरा जास्त केलं, तुला वाचता येऊ नये म्हणून.”

आजी त्या अक्षरांकडे बघत राहिली. बत्तीस वर्षं ही माणसं तिच्यापुढे मान खाली घालून ‘हो बाई, हो बाई’ करत होती. रागवावं की काय करावं, तेच तिला कळेना. मग तिनं पदर खोचला आणि फिल्म कारागिराच्या हातात कोंबली.

“माझं नाव घेऊन जगभर बोंबलतेस आणि लिहिताना झुडपात लपवतेस?” ती नातीला म्हणाली. “भित्री कुठली! तीनशेच्या तीनशे अस्से स्वच्छ छापणार. ज्याला माझी भीती वाटते, त्यानं ती छातीवर मिरवावी.”